‘भोंगा वाजला तर हिला कळणार कसं?’

प्रश्न : माझी मुलगी २० वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. आयटीआयला फिटर ट्रेड करून ती पास झाली. चार महिन्यांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात ॲप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) म्हणून लागली, पण तिला मशिनला हात लावू देत नाहीत, रोज पॅकिंगला बसवतात. सुपरवायझर म्हणतात, भोंगा वाजला तर हिला कळणार कसं? आम्ही बोलायला गेलो तर काढून टाकतील का?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, मी तेवीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरचा निदेशक होतो. हे भोंग्याचं कारण एकदा माझ्याही तोंडून निघालेलं आहे. ऐकू न येणारा एक पोरगा बॅचला आला आणि मी त्याला दोन आठवडे नुसतं कानस घासायला लावलं. ड्रिलपाशी फिरकू दिलं नाही. एक दिवस दुसऱ्या मुलाचं ड्रिलिंग चालू असताना यानं हातवारे करून ते थांबवायला लावलं आणि भोक पाडणाऱ्या बिटाकडे बोट दाखवलं. धार गेली होती. लोखंडाचा लांब, गुंडाळलेला कीस यायचा बंद होऊन भुगा पडत होता. बाकीचे सगळे बिटाची किंचाळी ऐकू यायची वाट बघत होते, यानं ते डोळ्यांनी आधीच पाहिलं होतं. त्या दिवसापासून तो ड्रिलवर.

आता तुमचं. २०१९ मध्ये शिकाऊ उमेदवारीचे नियम बदलले. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. आकडा भरायचा म्हणून दार उघडलं, असा प्रकार मी बराच पाहिलाय. पण करार फिटरचा असेल तर फिटरचं कामच शिकवणं मालकावर बंधनकारक आहे. पॅकिंग म्हणजे फिटिंग नव्हे.

भोंग्याचं म्हणाल, तर १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यानुसार कारखान्यातल्या ॲप्रेंटिसला आरोग्य आणि सुरक्षेच्या तरतुदी कामगारासारख्याच लागू होतात. मग भोंग्यासोबत फिरता दिवा लावा! त्याला खर्च तो किती? शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या नियमांप्रमाणे २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेला समान संधी धोरण ठेवावं लागतं, त्यात प्रशिक्षणाचा उल्लेख असतो आणि दिव्यांगांसाठी संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. ते धोरण लेखी मागा. बघा, बऱ्याच ठिकाणी ते शोधायला कपाट उघडायची वेळ येते.

काढून टाकण्याची भीती आहे ना? मनात आलं म्हणून करार मोडता येत नाही, त्यासाठी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे, म्हणजे ॲप्रेंटिसचं काम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा लागतो. तुम्हीही तिथंच अर्ज घेऊन जा. तिथं काही झालं नाही, तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे.

जायच्या आधी एक वही घाला. तारीख, दिलेलं काम, किती तास. रोज, तिच्याच हातानं. आणि सुपरवायझरकडून तोंडी सूचनेऐवजी कागदावर ड्रॉइंग मागायला सांगा, एवढं तरी उद्यापासून होईल.

अर्जावर सही मात्र तिची असू द्या, तुमची नको. करारावरही तिचीच आहे.