वाचक विचारतात : बार्सिलोनाला जायचं का, आणि गेलं तर करायचं काय

मागच्या अंकात बार्सिलोनातल्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेस या मोबाइल तंत्रज्ञानाच्या प्रदर्शनाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर नाशिक आणि आसपासहून बरेच प्रश्न आलेत. सगळे छापणं शक्य नाही, एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : सर, आम्ही तिघं मित्र अंबडला छोटं युनिट चालवतो. द्राक्षबागेसाठी मातीतला आणि पानांवरचा ओलावा मोजणारे सेन्सर बनवतो, डेटा लोरावरून (कमी विजेत लांबवर जाणारा रेडिओ) गेटवेला आणि तिथून शेतकऱ्याच्या मोबाइलवर. दिंडोरी, निफाडकडे बऱ्यापैकी लागलेत. एक पार्टनर म्हणतो बार्सिलोनात स्टॉल घेऊ, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात जातील. काय करावं? (अंबड)

दुसऱ्याचं ऐका, पण अर्धंच. स्टॉल नको, जायला मात्र हरकत नाही.

आधी हे काय प्रकरण आहे ते बघा. जीएसएमए ही मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना हे भरवते, 2006 पासून बार्सिलोनात आणि 2013 पासून फिरा ग्रान व्हिया नावाच्या जागेत. ही जागा म्हणजे ओळीने आठ मोठे हॉल, ते जोडणारा वरून एक लांबलचक पूल, आणि त्यात एक लाखाच्या वर माणसं. कुंभ बघितलेल्या माणसाला गर्दीचं काही वाटणार नाही, पण इथे प्रत्येकाला कुठल्यातरी मीटिंगला पोचायची घाई असते आणि तुमच्या कोपऱ्यातल्या छोट्या स्टॉलवर जो थांबेल तो बहुतेक तुम्हालाच काहीतरी विकायला आलेला असेल. मोठ्या कंपन्यांचे मंडप दुमजली असतात, आत त्यांच्या मीटिंग रूम, आणि तिथे अपॉइंटमेंट नसेल तर रिसेप्शनवरची मुलगी गोड हसून परत पाठवते. खरं काम तिथे आत चालतं, आणि त्याच्या वेळा जानेवारीतच ठरलेल्या असतात.

म्हणून तुम्ही व्हिजिटर पास काढा, एकानेच जा (फार तर दोघं, पण तिघं तर नकोच, युनिट कोण बघणार, फेब्रुवारी-मार्च म्हणजे इथे माल काढायचे दिवस, शेतकऱ्यांचे फोन तेव्हाच जास्त), आणि महिनाभर आधीपासून मेल टाकायला लागा. कुणाला? रेडिओ मॉड्यूल बनवणाऱ्यांना, सिम आणि ई-सिमची कनेक्टिव्हिटी देणाऱ्यांना, शेतीतल्या आयओटीवर (इंटरनेटला जोडलेली उपकरणं) काम करणाऱ्या युरोपीय कंपन्यांना. मेल चार ओळींचा ठेवा, काय बनवतो, किती बागांत चालू आहे, तुमच्याकडून काय हवंय. ‘वुई आर लीडिंग सोल्युशन प्रोव्हायडर’ वगैरे लिहू नका, असले मेल तिथे ढिगाने येतात. तुमच्या चालू असलेल्या बागांचा डेटा हेच तुमचं भांडवल, तो एका पानाच्या ग्राफवर घ्या. डावणी (वेलीवरचा बुरशीरोग) येण्याआधी पानावर किती तास ओल होती हे दाखवता आलं तर समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसेल.

फोर वायएफएन म्हणून स्टार्टअपचा वेगळा विभाग 2014 पासून चालू आहे, आता तो त्याच आवारात भरतो, इन्व्हेस्टर आणि छोट्या कंपन्या तिथेच जास्त. तुमचा अर्धा वेळ तिकडे घालवा.

आता माझ्या मते खरी गोष्ट. हॉलमधून बाहेर पडा आणि एक दिवस जास्तीचा ठेवा. बार्सिलोनाहून लोकल ट्रेनने तासाभरात पेनेडेस भागात पोचता येतं, विलाफ्रांका किंवा सांत सादुर्नीला उतरायचं. स्पेनमध्ये द्राक्षाखाली जगातलं सगळ्यात जास्त क्षेत्र आहे आणि हा पट्टा त्यांच्या कावा या फेसाळ वाइनचा. आपल्याकडे घड पेटीत भरतात तेव्हा तिथल्या वेली छाटलेल्या, पानंसुद्धा नसतात, म्हणजे बागायतदाराला बोलायला सवड असते. आणि तिकडे तीन वर्षं असा दुष्काळ पडला की 2024 च्या फेब्रुवारीत बार्सिलोना शहरासह मोठ्या भागात पाण्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. मातीतला ओलावा मोजणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला विषय कुठला मिळणार? वायनरीला आधी मेल करून वेळ घ्या, ड्रिपवाला कोण, सल्ला कुणाचा घेतात ते विचारा. चार दिवस हॉलमध्ये फिरून जे कळणार नाही ते एका दुपारी कळेल.

एक तांत्रिक : आपला लोरा 865 ते 867 मेगाहर्ट्झवर सेट असतो, युरोपचा चॅनल प्लॅन वेगळा, 868 चा. डेमो बोर्ड निघण्याआधी इथेच रीकॉन्फिगर करा, आणि तिथे एअरटाइमवर, म्हणजे रेडिओ किती वेळ चालू ठेवायचा त्यावर, मर्यादा असते, बऱ्याच चॅनलवर एक टक्का, म्हणजे दर पाच सेकंदाला डेटा पाठवून इंप्रेशन मारायचं डोक्यात असेल तर काढून टाका.

प्रश्न : डेमो युनिट विमानात नेता येतात का? वायरी, बॅटऱ्या बघून अडवणार नाहीत ना? (सातपूर)

नेता येतात. सुट्या लिथियम सेल आणि पॉवर बँक हँडबॅगेतच, चेक-इनमध्ये अजिबात नाही, शंभर वॉट-अवरच्या आतलं असेल तर वेगळी परवानगी लागत नाही. 18650 चा (नेहमीचा गोल लिथियम सेल) एक सेल साधारण अकरा वॉट-अवरच्या आसपास भरतो त्यामुळे काळजी नको, फक्त टोकांना टेप लावा. युनिट बंद करून ठेवा, लुकलुकणारा एलईडी आणि लटकणारी वायर एक्स-रेवाल्याला आवडत नाही. माल जास्त असेल, किंवा महागाचा असेल, तर एटीए कार्नेट काढा, आपल्याकडे ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते, प्रदर्शनाचा माल ड्यूटी न भरता नेऊन परत आणायचा तो कागद आहे. दोन-चार बोर्डच असतील तरी इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट सोबत ठेवा, आणि परत आणताना इकडे वाद नको म्हणून निघताना मुंबई कस्टम्सला दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. वेळ जातो, तासभर लवकर पोचा, म्हणजे कसारा घाटात ट्रक आडवा झाला असेल हे धरून त्याहूनही लवकर.

प्रश्न : व्हिसा कधी टाकावा? एजंट म्हणतो दहा दिवस पुरे. (इंदिरानगर)

एजंटला नमस्कार करा. नियमाने पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज देता येतो आणि लवकरात लवकर सहा महिने आधी, पण त्या सीझनला अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून डिसेंबरातच टाका. फी 90 युरो, सर्व्हिस चार्ज वेगळा. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीनंतर तीन महिने चालणारा हवा, दोन पानं कोरी. रजिस्ट्रेशन झालं की आयोजकांकडून पत्र मागवून जोडा. आणि बँकेत आठवडाभर आधी काकांकडून घेतलेले पाच लाख एकदम टाकू नका, तिथल्या लोकांना स्टेटमेंट वाचता येतं.

प्रश्न : हॉटेलचे दर बघून डोळे फिरले. (नाशिकरोड)

फिरणारच, त्या आठवड्यात सगळं शहर भाव वाढवून बसतं. कोर्नेया किंवा सांत बोईकडे बघा, तिथून एल8 लाइनची गाडी थेट युरोपा-फिरा स्टेशनला येते. एअरपोर्टहून मेट्रो एल9 आहे, तीही फिराला थांबते, पण एअरपोर्टचं तिकीट वेगळं असतं, दहा प्रवासांचं साधं कार्ड तिथे चालत नाही, गेटवर अडकलेले किती आपले लोक बघितलेत मी. मेट्रोत पाकीट पुढच्या खिशात, लॅपटॉपची बॅग छातीशी. खिसेकापू तिथले फार सराईत.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पप्पा पैसे द्यायला तयार आहेत, जाऊ का? (गंगापूर रोड)

नको रे. नवे फोन बघायचेत तर ते त्याच दिवशी यूट्यूबवर दिसतात, आणि बऱ्याच कंपन्या तर प्रदर्शनाच्या आदल्या रविवारीच लाँच उरकून घेतात. तू इंडिया मोबाइल काँग्रेसला जा, दूरसंचार विभाग आणि सीओएआय (आपल्याकडच्या मोबाइल कंपन्यांची संघटना) मिळून 2017 पासून दिल्लीत भरवतात, 2025 मध्ये ते यशोभूमीला ऑक्टोबरात झालं. मेट्रो दारात, आणि नाशिकरोडहून मंगला किंवा पंजाब मेल आहेच. (अंबडवाल्यांनो, तुमची ऑक्टोबर छाटणी त्याच सुमाराला येते, नाहीतर तुम्हालाही हेच सांगितलं असतं.) पप्पांचे पैसे राहू देत, त्यातले थोडे घेऊन एखादं चांगलं डेव्हलपमेंट किट घे.

प्रश्न : मिस्टर जाणार आहेत, पूर्ण शाकाहारी आहेत. सोबत काय देऊ? आणि तिकडच्या लोकांना द्यायला घरची द्राक्षं दिली तर? (पिंपळगाव बसवंत)

ताई, द्राक्षं नको. बाहेरून येणाऱ्या ताज्या फळांना युरोपात फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (कीड-रोग नाही असा सरकारी दाखला) लागतं, केळी-नारळ-खजूर अशी मोजकी फळं सोडून, त्यामुळे पेटी विमानतळावरच जाईल. तूप, पेढे, चक्कासुद्धा नाही, दुधाचे पदार्थ बंद आहेत. बेदाणे चालतात, छान पाकिटं करून द्या, लोक खूश होतात. खायला चिवडा, दशम्या (दूध-तूप नको, पाण्यात मळून तेलात), मेतकूट, खाकरे, असं काहीतरी द्या. हॉलमध्ये ब्रेडमध्ये हॅम घातलेलंच जास्त दिसतं, आणि तोर्तिया म्हणून जो बटाट्याचा जाड गोल मिळतो त्यात अंडं असतं हे त्यांना आधीच सांगा, लोक बटाटा बघून फसतात. टोमॅटो चोळलेला ब्रेड मिळतो तो चालेल. रात्री जेवायला रावाल भागात जावं, आपल्या उपखंडातली दुकानं आणि हॉटेलं तिथे भरपूर, वरण-भात नाही पण दाल-रोटी मिळते. स्पॅनिश हॉटेलात मात्र रात्री नऊच्या आधी जेवण मागू नये, किचनच उघडलेलं नसतं, म्हणून संध्याकाळसाठी चिवड्याचा डबा जरा मोठाच भरा.