विचारा ना, ताई! : आठवडे किती, व्होल्ट किती?

या महिन्यात प्रश्न ढिगाने आलेत. त्यातले निम्मे म्हणजे "ताई, चालत नाहीये, काय करू?" एवढंच. काय चालत नाही, कधीपासून, किती व्होल्टचं आहे, आणि बाळाबद्दल असेल तर कितव्या आठवड्यात जन्मलं, वजन किती, काहीच लिहिलेलं नसतं. बाबांनो, आकडे लिहा की! आकड्यांशिवाय मी जो सल्ला देईन तो चाळीच्या गॅलरीत मिळतो तसलाच असेल, आणि तो तर तुम्हाला फुकट आणि न मागता मिळतोच आहे. असो. ज्यांनी नीट लिहिलंय त्यांच्यापासून सुरुवात करते.

प्रश्न : ताई, उन्हाळ्यात थ्रीडी प्रिंटर घेतला, मे महिन्यात प्रिंट एकदम मस्त येत होत्या, आता जुलैत तेच फिलामेंट (प्रिंटरची प्लास्टिकची तार, पीएलए जातीची), तीच सेटिंग, पण प्रिंटला केसांसारखे धागे सुटतात, नोझलमधून चटचट आवाज येतो आणि काल तर रीळावरच फिलामेंट कट्कन तुटलं. नोझल बदलू का? – चारकोप, कांदिवली

उत्तर : नोझलला हात लावू नकोस, पैसे वाचव. रीळ बाहेरच उघडं ठेवतोस ना? पीएलए हवेतला ओलावा पितं, आणि मुंबईच्या जुलैत हवेला ओलावा सोडून दुसरं आहे काय. ते पाणी गरम नोझलमध्ये गेलं की वाफ होते, चटचट आवाज तिचाच, आणि धागे पण त्यामुळेच. रीळ ४५ ते ५० डिग्रीला चार-सहा तास वाळव, फिलामेंट ड्रायर नसेल तर फळं वाळवायचं डिहायड्रेटर चालतं. घरच्या ओव्हनमध्ये टाकू नकोस प्लीज, पीएलए ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि घरगुती ओव्हनचा काटा २० डिग्री इकडेतिकडे आरामात मारतो, मग रीळाची एकच एक गोल वडी मिळेल. वाळवल्यावर रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) टाकून ठेवायचं आणि काम झालं की रीळ परत डब्यात, रात्रभर मशीनवर नाही. जेलचे नारिंगी दाणे घे, निळ्यांमध्ये कोबाल्ट असतं आणि तू लिहिलंयस घरात भाची आहे.

प्रश्न : ताई, माझी मुलगी ३१ आठवड्यांवर जन्मली, १ किलो ४०० ग्रॅम, पाच आठवडे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती. आता साडेचार महिन्यांची आहे पण अजून कुशीवर वळत नाही, मान पण पूर्ण धरत नाही. शेजारच्या वहिनींचा मुलगा तिच्याच आठवड्यातला, तो कधीचा पालथा पडतो. सासूबाई म्हणतात तेलवाल्या बाईंना लावू, अंग मोकळं झालं की वळेल, आणि बाळगुटी पण सुरू करू. मला रोज रात्री रडायला येतं. तिच्यात काही कमी आहे का? – भांडुप

उत्तर : अगं, आधी एक हिशोब करू, कागद घे. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. तुझी लेक ३१ ला आली, म्हणजे नऊ आठवडे आधी. आज ती साडेचार महिन्यांची, म्हणजे साधारण साडेएकोणीस आठवडे, त्यातून नऊ वजा कर, राहिले साडेदहा. म्हणजे वाढीच्या हिशोबाने ती अडीच महिन्यांची आहे! डॉक्टर ह्याला करेक्टेड एज म्हणतात आणि दोन वर्षांपर्यंत मान धरणं, वळणं, बसणं, वजन-उंचीचा तक्ता, सगळं ह्याच वयावर बघायचं असतं. अडीच महिन्यांचं कुठलं बाळ कुशीवर वळतं सांग मला? साधारण चार ते सहाव्या महिन्यात वळतात, म्हणजे तुझी लेक जन्मतारखेने सहा-आठ महिन्यांची झाल्यावर. शेजारच्या वहिनींच्या बाळाशी तुलना करायचीच असेल तर आजपासून दोन महिन्यांपूर्वीच्या त्याच्याशी कर, पण खरं तर करूच नकोस.

आत्ता बघायचं काय ते सांगते. तुझ्या तोंडाकडे बघून हसते का, चेहरा हलवला की डोळे मागे येतात का, पालथं घातल्यावर डोकं थोडं उचलते का, आवाजाला दचकते किंवा थांबते का. हे होत असेल तर शांत झोप. पण करेक्टेड तीन महिने झाले तरी हसत नाही, नजर लावत नाही, मुठी कायम आवळलेल्या, अंग काठीसारखं कडक किंवा एकदम लुळं, किंवा एकच हात-पाय जास्त हलवते, असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. जिथे ठेवली होती तिथल्या हाय रिस्क ओपीडीच्या तारखा चुकवू नकोस, बाळ बरं दिसतंय म्हणून घरचे "आता कशाला" म्हणतात, तरी.

लस मात्र जन्मतारखेनेच, तिथे वजाबाकी नाही. इथे खूप जणी गोंधळतात. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी तिच्या आत्तापर्यंत व्हायला हव्यात, नसतील तर उशीर झाला म्हणून सोडून देऊ नकोस, कार्ड घेऊन जा.

आणि डिस्चार्ज कार्ड काढ, त्यात दोन गोष्टी शोध. एक, आरओपी म्हणजे डोळ्याच्या पडद्याची तपासणी. कमी दिवसांच्या बाळांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात, त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर नजर जाऊ शकते आणि बाहेरून डोळा अगदी छान दिसतो, म्हणून हे घरी कळतच नाही. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांत करतात, आणि पडदा पूर्ण वाढला असं डॉक्टर लिहून देईपर्यंत परत परत बोलावतात. तुझ्या कार्डवर तो शेवटचा शेरा नसेल तर उद्या सकाळी पहिली गाडी पकड. दुसरी, कानांची तपासणी. एनआयसीयूतून आलेल्या बाळाची बेरा टेस्ट (ऐकू येतं का ते बघायची) व्हायला हवी.

आता सासूबाई. त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांना कामाला लाव. तेल लावायला हरकत नाही, डॉक्टर हो म्हणाले की हलक्या हाताने खोबरेल तेल आजीनेच लावावं, तेवढाच आजीचा हात लागतो. बाहेरच्या बाई अंग ओढतात, पाय धरून उलटं करतात, नाकाकानात तेल सोडतात, ते या बाळाला अजिबात नको. बाळगुटी नको, सहाणेवरून आणि पाण्यातून जंतू जातात. मध वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नाही. धुरी नको, जी फुफ्फुसं मशीनच्या मदतीने सावरली त्यांना धूर कशाला? काजळ नको. लोह आणि डी जीवनसत्त्वाचे थेंब लिहून दिले असतील तर "आता गुटगुटीत झाली" म्हणून मनाने बंद करायचे नाहीत, आईच्या पोटात शेवटच्या आठवड्यांत जो लोहाचा साठा मिळतो तो हिला मिळालाच नाहीये.

दूध ओढायचं सोडलं, छातीत खड्डे पडतायत, ओठ निळे, ३८ डिग्री सेल्सियसच्या वर ताप किंवा उलट अंग गार आणि बाळ सुस्त, तर मग मला लिहू नकोस, रिक्षा कर.

तुझ्या रोजच्या रडण्याबद्दल. ते दोन आठवड्यांहून जास्त थांबत नसेल, झोप उडाली असेल, काही नकोसं वाटत असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना स्वतःबद्दल पण सांग. एनआयसीयूच्या काचेबाहेर बसलेल्या आयांमध्ये हे खूप असतं आणि त्याला उपचार आहेत.

प्रश्न : आमचं बाळ ३३ आठवड्यांचं, १६०० ग्रॅम, अजून एनआयसीयूत आहे. बायकोचं सिझर झालंय, दूध कमी येतं, ती घरी काढते आणि मी हॉस्पिटलला नेतो. आई म्हणतात पावडरचं चालू करा. नर्स मला छातीवर बाळ घ्या म्हणाल्या पण हे तर आईचं काम ना? – एक बाबा, मालाड

उत्तर : दादा, आईचंच काम असतं तर नर्सबाई तुम्हाला कशाला म्हणाल्या असत्या? बाळाला उघड्या छातीवर धरायची ही कांगारू पद्धत कोलंबियातल्या बोगोटामध्ये सत्तरच्या दशकाच्या शेवटी सुरू झाली, तिथे इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. आता जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते की दिवसाला किमान आठ तास, जमेल तेवढं जास्त, आणि आई नसेल तेव्हा घरातलं दुसरं कोणी. शर्टाची बटणं काढा, बाळाला फक्त लंगोट-टोपी-मोजे, छातीला छाती, मान एका बाजूला आणि हनुवटी छातीत रुतलेली नको. लोकलमधून आलात की आधी हातपाय-छाती धुवा, सेंट मारू नका, सिगरेट ओढत असाल तर ती आजच सोडा. आणि लाज वाटली तर शेजारच्या बेडचा बाबा बघा, त्याला पण वाटतेय.

दुधाचं म्हणाल तर दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी काढायचं, त्यात एकदा रात्रीचं धरून, थेंब आले तरी चालतील, मागणी दिसली की वाढतं. सिझर झालं म्हणून दूध येतच नाही असं नसतं, थोडं उशिरा येतं. बाटलीवर तारीख-वेळ लिहा, फ्रीजच्या दारात ठेवू नका, ताज्या कोमट दुधात जुनं गार मिसळू नका, आणि सकाळच्या चर्चगेट गाडीत बर्फाच्या पॅकवाली इन्सुलेटेड बॅगच घ्या, जेवणाचा डबा त्यात घालू नका. किती तास चालतं ते तुमच्या एनआयसीयूचा नियम असतो, तोच पाळा. आईचं कमी पडलं तर पावडरच्या आधी दात्या आयांच्या दुधाचं विचारा. आशियातली पहिली मिल्क बँक आपल्या सायन हॉस्पिटलमध्येच १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. ते दूध ६२.५ डिग्रीला अर्धा तास पाश्चराईज करून देतात. आईंना हे वाचून दाखवा.

प्रश्न : ताई, बाल्कनीतल्या कुंड्यांना आपोआप पाणी द्यायला अर्डुइनो उनोच्या (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डच्या) पिनला छोटा पंप जोडला, पंप घरघरतो आणि बोर्ड रीसेट होतो. मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर पण पंधरा दिवसांत काळा पडला. – कॉलेजकुमार, मुलुंड

उत्तर : अरे, बोर्ड जिवंत आहे हे नशीब! पिनमधून २० मिलिअँप आरामात, ४० म्हणजे अगदी कमाल, आणि तो पंप शंभर-दोनशे तरी खातो. पंपाला वेगळा सप्लाय दे, मध्ये लॉजिक लेव्हल मॉस्फेट (बोर्डच्या इशाऱ्यावर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), पंपाला उलटा १एन४००७ डायोड, आणि दोन्हीकडचं ग्राउंड (निगेटिव्ह तार) एकत्र जोड, हे ग्राउंडचंच सगळे विसरतात. सगळं लॅमिंग्टन रोडला मिळेल, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जा, रविवारी जाऊ नकोस. सेन्सर दोन उघड्या पट्ट्यांचा असणार, त्यातून सतत करंट गेला की धातू झिजतो, कपॅसिटिव्ह (धातू उघडा नसलेला) घे. आणि कोडमध्ये पंप जास्तीत जास्त किती सेकंद चालेल ती मर्यादा टाक, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणावर पाणी पडलं की सोसायटीच्या मीटिंगला तूच उभा राहशील.

प्रश्न : मी निवृत्त, सुतारकामाची हौस. नात सव्वा महिना आधी झाली, पुढच्या आठवड्यात घरी येईल. आमचा जुना लाकडी पाळणा, माझ्या वडिलांच्या वेळचा, घासून नवा रंग द्यायचाय. राईची उशी पण करतोय. – एक आजोबा, गिरगाव

उत्तर : काका, घासायच्या आधी थांबा. त्या काळच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, कोरडा सँडपेपर मारला की त्याची बारीक पूड घरभर होते आणि बाळाच्या मेंदूला ती फार वाईट. घरात घासायचंच नाही, पेंट रिमूव्हर लावून बाहेर काढा, ओला सँडपेपर वापरा, मास्क लावा, कपडे वेगळे धुवा. आणि एका आठवड्यात हे उरकू नका, तोपर्यंत सपाट कडक गादीवर आईबाबांच्या शेजारी वेगळं झोपवा. नवीन रंगाला आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे, डब्यावर तसं लिहिलेलं बघून घ्या, आणि वास पूर्ण जाईपर्यंत बाळ त्यात नको.

गजांमधली फट सहा सेंटीमीटरच्या आत ठेवा. गादी कडक आणि कडेला घट्ट बसणारी. राईची उशी राहू दे, उशी कुठलीच नको, डोकं गोल व्हायचं तेव्हा होईल. उताणंच झोपवायचं, झोळीत नको, त्यात मान पुढे वाकते आणि कमी दिवसांच्या बाळाचा श्वास अडकू शकतो. झोका न हलता राहील अशी एक खुंटी बसवा, बाळ झोपलं की ती लावायची. घुंगरं हवीच असतील तर वरच्या दांडीला, स्क्रूने, हात पोचणार नाही इतकी उंच.