राजीनामा सोमवारी, रविवारी पुन्हा त्याच बाकावर

प्रश्न : माझा मुलगा २८ वर्षांचा आहे. बारावीनंतर बायबल कॉलेजात तीन वर्षं काढली आणि गेली सहा वर्षं आमच्याच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघ आणि संडे स्कूल (मुलांचे रविवारचे बायबलचे वर्ग) बघतो. मानधन तेरा हजार. आता त्याला शिक्षक व्हायचंय. कमिटीशी एकदोनदा खटकेही उडालेत. आम्ही तीन पिढ्या याच चर्चमध्ये. सेवा सोडली म्हणजे देवाला सोडलं, असं लोक म्हणतील. त्याने नीट बाहेर कसं पडावं? – एक आई, शरणपूर रोड, नाशिक

ताई, सलाम.

‘आम्ही तीन पिढ्या याच चर्चमध्ये’ – सगळी गोम या वाक्यात आहे. सातपूरच्या कंपनीतला मुलगा नोकरी सोडतो तेव्हा सुपरवायझरचं तोंड त्याला पुन्हा बघावं लागत नाही. तुमचा मुलगा सोमवारी राजीनामा देईल आणि रविवारी त्याच पाळकसाहेबांच्या (पास्टरांच्या) हातून प्रभुभोजन घेईल. लग्न, बाप्तिस्मा, मयत, नाताळ, सगळं त्याच माणसांत. म्हणून राजीनाम्याच्या कागदापेक्षा त्यानंतरचे सहा महिने मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

लोकांच्या बोलण्याचं म्हणाल, तर तुमच्या गीतपुस्तकात ज्यांची भजनं आहेत त्या नारायण वामन टिळकांनीही १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली होती. पगार सोडला, श्रद्धा नाही. उलट ‘देवाचा दरबार’ हा त्यांचा भक्तमेळा त्यानंतरच उभा राहिला. कुणी फारच टोचून बोललं तर ही आठवण करून द्या. एरवी वाद घालू नका.

आता क्रम. पहिल्यांदा पाळकसाहेबांना सांगायचं. एकट्याने, समोर बसून. व्हॉट्सअॅपवर नाही, उपासना संपल्यावर दारात उभ्या उभ्या नाही. त्याआधी जिवलग मित्रालाही नको. नाशिक कितीही वाढलं तरी मंडळी लहानच असते. सकाळी बोललेलं दुपारच्या चहापर्यंत सेक्रेटरींच्या घरी पोचतं. पाळकांनंतर कमिटी, मग सोबतचे संडे स्कूलचे शिक्षक, आणि शेवटी मंडळी.

सांगताना एक पथ्य पाळावं. ‘देवाने मला दुसरीकडे बोलावलंय’ हे वाक्य ढालीसारखं पुढे करू नये. ते खरंही असेल, पण त्यावर समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. ‘मला शिकून शिक्षक व्हायचंय आणि या मानधनात पुढे संसार होणार नाही’ हे साधं कारण कुणालाही पटतं. पत्रही तेवढंच :

‘मी अमुक तारखेपासून सेवेतून मुक्त होऊ इच्छितो. तोपर्यंत सर्व कामं आणि हिशोब सोपवेन. सहा वर्षं मंडळीने मला शिकवलं, सांभाळलं, त्याबद्दल ऋणी आहे.’

बस. खटक्यांचं अवाक्षर त्यात नको. लिहिलेला राग फाइलीत राहतो आणि पुढच्या प्रत्येक कमिटीला वाचायला मिळतो. तक्रार खरी असेल तर ती एकदाच, पाळकसाहेबांसमोर, तोंडी. निरोपाच्या भाषणात तर मुळीच नाही.

वेळ? नाताळच्या तोंडावर नको, लेंटमध्येही (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) नको. ईस्टर झाल्यावर सांगावं, मे महिन्याच्या सुट्टीतली व्ही.बी.एस. (मुलांची बायबल शाळा) पार पाडावी आणि जूनमध्ये मोकळं व्हावं. कागदावर एक महिन्याची नोटीस असली तरी दोन महिने द्यावेत.

त्या दोन महिन्यांत त्याने एक दोनशे पानी वही घालावी. संडे स्कूलच्या प्रत्येक मुलाला अर्धं पान : कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी, कुणाला न्यायला फक्त आजीच येते, कोण वाचायला उभं केलं की रडतं. हे सगळं आज त्याच्या डोक्यात आहे, आणि नवीन येणाऱ्याला नेमकं हेच कुणी सांगत नाही. ही वही पाळकांच्या हातात द्यावी, ग्रुपवर टाकू नये. मुलांच्या घरच्या गोष्टी आहेत. पावतीपुस्तकं, सहलीची उचल, कीबोर्डच्या खोलीची किल्ली, यूट्यूब चॅनलचा पासवर्ड, ग्रुपचं अॅडमिनपद, सगळं यादी करून द्यावं आणि यादीच्या प्रतीवर सही घ्यावी. सही मागायला त्याला लाज वाटेल. तरी मागावी. चर्चच्या पैशांवरून उठलेली कुजबुज वर्षानुवर्षं मिटत नाही.

शिक्षणाचं मात्र मला कडू बोलावं लागेल. बी.एड.ला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते, आणि बायबल कॉलेजचे बरेच डिप्लोमा त्यात धरत नाहीत. सेरामपूर विद्यापीठाची ईश्वरविद्येची पदवी असेल तर प्रवेश घेण्याआधी ती चालते का ते लेखी विचारून घ्यावं. नसेल तर दोन रस्ते. प्राथमिकचे वर्ग शिकवायचे असतील तर बारावीवर दोन वर्षांचं डी.एल.एड. (शिक्षकाची पदविका) आणि मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा). मोठ्या वर्गांना शिकवायचं असेल तर आधी पदवी. त्यासाठी आपल्या नाशिकचंच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, काम करत बी.ए. होतं. कुठल्या रस्त्याने जायचं आणि तिथे प्रवेश मिळू शकतो का, हे पक्कं झाल्याशिवाय राजीनामा देऊ नये. आणि मंडळीच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र मागून घ्यावं. त्यात ‘सेवा केली’ एवढंच नको. किती मुलं, किती शिक्षक, शिबिराचा किती खर्च सांभाळला, हे आकडे हवेत.

नवीन माणूस आला की मुलं सवयीने तुमच्या मुलालाच फोन करतील. ‘दादा, नवीन सर बोअर करतात.’ त्यावर त्याने हसून ‘त्यांनाच सांग की’ म्हणावं. निदान नाताळपर्यंत तरुण संघाच्या मीटिंगला बोलावल्याशिवाय जाऊ नये. उपासनेला मात्र पहिल्याच रविवारी जावं, आणि मागच्या बाकावर बसावं.

ताई, महिला मंडळात तुम्हालाही विचारतील, ‘काय हो, का सोडलं?’ ‘शिकतोय’ एवढंच सांगा. कमिटीतल्या कुणाबद्दल एक शब्द तुमच्या तोंडून गेला, तर तो त्याचाच धरला जाईल.