नव्या गेमिंग संगणकाची खरी मर्यादा ताण-चाचणीतून (मुद्दाम पूर्ण क्षमतेने राबवून घेतलेल्या चाचणीतून) कशी ओळखावी, आणि त्या चाचणीने संगणक बिघडू शकतो का?

आधी बिघाडाची शंका दूर करतो. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड स्वतःच्या तापमानावर लक्ष ठेवतात, ठरलेली मर्यादा आली की आपला वेग उतरवतात आणि तरीही उष्णता आवरली नाही तर संगणक बंद पडतो. त्यामुळे मूळ सेटिंगवर घेतलेल्या चाचणीने चांगला भाग जळण्याची शक्यता फारच कमी असते. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन व्होल्टेज स्वतः वाढवले असेल, तर मात्र ही खात्री मी देणार नाही.

मर्यादा म्हणजे पहिल्या मिनिटात दिसणारा सर्वोच्च वेग नव्हे. हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा भाग) आणि कॅबिनेटमधील हवा तापायला वेळ लागतो, म्हणून अर्ध्या तासानंतर जो वेग टिकून राहतो तोच खरा मानावा. एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये तापमान, वेग आणि वीजवापर यांची नोंद चालू ठेवूनच चाचणी सुरू करावी. तापमान मर्यादेच्या खाली स्थिर असताना वेग घसरत असेल, तर दोष पंख्याचा नसून वीजमर्यादेचा (त्या भागाला किती वीज घेऊ द्यायची याच्या ठरलेल्या कमाल आकड्याचा) असू शकतो, आणि हा फरक नोंदीशिवाय कळत नाही.

प्रोसेसरसाठी मी प्राइम९५ वापरतो. मूळचा मर्सेन अविभाज्य संख्या शोधण्यासाठी लिहिलेला हा प्रोग्रॅम आपले गणित पडताळत असल्याने प्रोसेसरची बारीक चूकही पकडतो. त्यातील ‘स्मॉल एफएफटी’ चाचणीत सगळी आकडेमोड कॅशमध्येच (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीत) राहते, प्रोसेसरला रॅमची वाट पाहावी लागत नाही आणि म्हणून तो सर्वाधिक तापतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसर अशा वेळी ९५ अंशांपर्यंत जाऊ शकतात. ते त्यांच्या रचनेतच धरलेले आहे, घाबरू नये. गेममध्ये इतका ताण सहसा येतच नाही.

ग्राफिक्स कार्डासाठी फरमार्क हा चाचणी-प्रोग्रॅम प्रसिद्ध आहे, पण तो उष्णता पाहण्यापुरताच उपयोगी, कारण वीजमर्यादेमुळे कार्ड त्यात गेमपेक्षा कमी वेगावर चालते आणि जास्त वेगावर उघड होणारी अस्थिरता झाकली जाते. थ्रीडीमार्कची ताण-चाचणी मला अधिक योग्य वाटते: एकच दृश्य ती २० वेळा चालवते आणि फ्रेम-दराची स्थिरता किमान ९७ टक्के असेल तरच उत्तीर्ण ठरवते.

रॅमकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि मीही केले होते. माझा संगणक प्राइम९५ची स्मॉल एफएफटी चाचणी तासन्‌तास निमूटपणे सोसत असे, पण गेम मात्र मधूनच बंद पडत. ग्राफिक्स ड्रायव्हर तीनदा बदलून झाल्यावर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावला, तेव्हा पहिल्याच फेरीत चुका दिसल्या. एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर जादा वेगावर चालवणारी सेटिंग) बंद करताच त्या थांबल्या. जी चाचणी कॅशबाहेर जातच नाही, तिला रॅमचा दोष दिसणार कसा, हे मला तेव्हा सुचले नाही. म्हणून एक्सएमपी किंवा एक्स्पो (एएमडीची तशीच सेटिंग) चालू केल्यावर मेमटेस्ट८६च्या चारही फेऱ्या रात्रभर होऊ द्याव्यात.

प्रत्येक भाग स्वतंत्रपणे उत्तीर्ण झाल्यावरच प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर एकाच वेळी ताण द्यावा. ओसीसीटी या चाचणी-प्रोग्रॅममध्ये त्यासाठी पॉवर सप्लायची चाचणी आहे. इथे विंडोजचा चुकीची सूचना देणारा निळा पडदाही न दिसता संगणक क्षणात बंद झाला, तर पहिला संशय पॉवर सप्लायवर घ्यावा. उलट, तो चालूच राहिला पण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ‘व्हीया’ (WHEA) नोंदी साचत असतील, तर हार्डवेअरमध्ये चुका होत आहेत आणि त्या बहुधा दुरुस्तही होत आहेत. अशा संगणकाला मी स्थिर म्हणत नाही.

व्होल्टेज कमी करून पाहणार असाल, तर निव्वळ जड चाचण्यांवर विसंबू नका. हलक्या कामात एखादाच कोर (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनाभाग) आपल्या सर्वोच्च वेगावर जातो आणि अपुरे व्होल्टेज नेमके तिथे उघडे पडते. म्हणून प्राइम९५ एकेका कोरवर आळीपाळीने चालवणारा कोअरसायकलर वापरावा आणि त्यानंतर दोन-तीन दिवस नेहमीचे गेम खेळून पाहावेत.