मुंगसापासून वीस-पंचवीस गावरान कोंबड्या राखायला कुत्रा चालेल का?

चालेल, पण आणला आणि लगेच राखणीला बसवला असं होत नाही. तुमच्या वीस-पंचवीस गावरान कोंबड्यांना सुरुवातीला मुंगसाइतकाच धोका कुत्र्याच्या पिल्लाचाही असतो. कोंबडी फडफडली की पिल्लू खेळायला धावतं, आणि त्या खेळात कोंबडी मरते. धनगरांची कुत्री लहानपणापासून मेंढरांत वाढतात म्हणून कळप राखतात. कोंबड्यांच्या बाबतीत तीच सवय लावायला जास्त वेळ लागतो.

८-१० आठवड्यांचं पिल्लू आणा, जाळीपलीकडे कोंबड्या दिसतील असं ठेवा, नंतर साखळीला धरून त्यांच्यात फिरवा. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत एकटं सोडू नका. फुटकी अंडी, मेलेली कोंबडी तोंडाला लागू देऊ नका, ती चटक सुटत नाही. रेबीजची लस द्यायची हे वेगळं सांगायला नको.

तरी खुराडं पक्कं हवंच. मुंगूस दिवसा येतं, छोट्या फटीतूनही शिरतं. अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डमेश (तारेची पक्की जाळी) लावा, फूटभर जमिनीत गाडा. आणि जुन्नरसारखा बिबट्याचा भाग असेल तर रात्री कुत्र्यालाही आत घ्या. बिबट्या कोंबडीआधी त्यालाच उचलेल.