वाचक विचारतात : डार्करूममध्ये दिवा कोणता लावावा?

प्रश्न : फोटो छापायला घरच्या न्हाणीघरातच डार्करूम मांडली आहे. लाल झिरोचा बल्ब लावला आहे, पेपर मल्टिग्रेड आरसी (प्लॅस्टिकचा थर असलेला). प्रिंटमधलं आभाळ, पांढरे शर्ट मळकट येतात, मार्जिनसुद्धा शुभ्र राहत नाही. बल्ब बदलू का? बदलायचा तर कोणता घेऊ? (एक वाचक, कुडाळ)

आधी दोष बल्बचाच आहे का, ते ठरवा. आपल्याकडच्या दमट उकाड्यात वर्षानुवर्षं कपाटात राहिलेला पेपर उजेड न लागताही राखाडी पडतो, आणि बिचाऱ्या दिव्यावर आळ येतो. सगळे दिवे बंद करून पाकिटातल्या कोऱ्या पेपरचे दोन तुकडे करा. एक थेट फिक्सरमध्ये (पेपर उजेडाला निर्धास्त करणारं रसायन) टाका. दुसरा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), स्टॉप (ते काम थांबवणारं), फिक्सर असा नेहमीच्या वेळाने फिरवा. धुऊन उजेडात शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही सारखेच पांढरे असतील तर पेपर चांगला आहे आणि संशय सेफलाइटवर, म्हणजे डार्करूमच्या दिव्यावर. डेव्हलपरमधून गेलेला मळका असेल तर पेपर जुना झालाय, नाहीतर खोलीत बाहेरचा उजेड शिरतोय.

उजेड शिरतो का, हे दार लावून दहा मिनिटं काळोखात बसल्याशिवाय कळत नाही. कौलांमधली फट, व्हेंटिलेटर, दाराखालची जागा, गिझरचा नाहीतर इन्व्हर्टरचा मिणमिणता दिवा, सगळं तेव्हाच दिसतं. एक खास कोकणी चूक म्हणजे व्हेंटिलेटरवर पावसाळ्यातली निळी ताडपत्री ठोकणं. त्यातून झिरपतो तो निळा उजेड, आणि पेपरला नेमका तोच लागतो. त्यापेक्षा कलिंगडाच्या वाफ्यावर घालतात तो काळा मल्चिंग पेपर दुहेरी करून लावा.

आता बल्ब. मल्टिग्रेड पेपर निळ्या आणि हिरव्या अशा दोन्ही उजेडाला जागा असतो, त्याची ग्रेड (कॉन्ट्रास्ट) बदलते ती त्यामुळेच. म्हणून दिवा मंद आहे एवढ्याने भागत नाही, त्यात निळं-हिरवं अजिबात नको. जुन्या पद्धतीचा रंगीत झिरो बल्ब म्हणजे बहुधा १५ वॅटची फिलामेंट आणि काचेवर रंगाचा थर. थराला ओरखडा गेला, होल्डरजवळ पोपडा निघाला, की पांढरा उजेड बाहेर. हल्लीच्या एलईडी झिरोत काहींमध्ये खरी लाल एलईडी असते, तर काहींमध्ये लाल प्लॅस्टिकच्या आत पांढरी. पांढऱ्या एलईडीचा पायाच निळा असतो, तेव्हा तिच्यावर विसंबू नका.

दुकानात जाताना एक जुनी सीडी खिशात ठेवा. पेटलेल्या बल्बचं प्रतिबिंब तिच्या चकचकीत बाजूवर तिरकं धरून बघा. फक्त लाल पट्टा दिसला तर बल्ब घरी आणा. हिरवी किंवा निळी रेघ दिसली तर तिथेच परत द्या.

आमची पसंती ६२० ते ६३० नॅनोमीटरच्या (हे उजेडाच्या तरंगलांबीचं माप) लाल एलईडीला. केशरी-पिवळी, म्हणजे ५९० च्या आसपासची एलईडी डोळ्याला बरी वाटते, पण तिच्या उजेडाची शेपटी हिरव्याकडे सरकलेली असू शकते. फिल्टरचा तयार लॅम्प मिळाला तर इलफर्डचा ९०२ (फिकट तपकिरी) किंवा कोडॅकचा ओसी (अंबर) मल्टिग्रेडला चालतो. आत बल्ब १५ वॅटचाच घाला आणि पेपरपासून किमान चार फूट लांब ठेवा. अंतर दुप्पट केलं की पेपरवर पडणारा उजेड चौथाईवर येतो. न्हाणीघरात चार फूट मिळत नसतील तर लॅम्पचं तोंड छताकडे वळवा. ओल्या हाताला बटण लागेल अशा जागी मात्र काही लावू नका.

सीडीत पास झालेला बल्बही पेपरवर तपासावाच लागतो. त्यासाठी कोरा पेपर उजेडात ठेवून नाणं टाकायची चाचणी अनेकजण करतात, ती फसवी आहे. एन्लार्जरखाली (निगेटिव्हची प्रतिमा पेपरवर टाकणारं यंत्र) उजेड खाल्लेला पेपर सेफलाइटला जास्त लवकर बळी पडतो. म्हणून सेफलाइट बंद ठेवून एन्लार्जरखाली पेपरला इतकाच उजेड द्या, की डेव्हलप केल्यावर फिकट राखाडी यावी. तो पेपर डेव्हलपरच्या ट्रेजवळ ठेवून पुठ्ठ्याने झाका आणि सेफलाइट लावा. पहिली पट्टी उघडून ४ मिनिटं थांबा, दुसरीही उघडून २ मिनिटं, तिसरी उघडून १, चौथी उघडून १. पाचवी झाकलेलीच. म्हणजे पट्ट्यांना अनुक्रमे ८, ४, २, १ आणि ० मिनिटं मिळाली. सेफलाइट बंद करून पूर्ण काळोखात डेव्हलप करा.

पाचवीपेक्षा गडद झालेल्यांत सर्वांत कमी मिनिटांची पट्टी कोणती, ते शोधा. आठ मिनिटांचीही वेगळी दिसत नसेल तर निर्धास्त राहा. चार मिनिटांचीच काळवंडली असेल तर दिवा लांब न्या, नाहीतर बदला, कारण पाकिटातून फिक्सरपर्यंत पेपर सहज तीन-चार मिनिटं उघडा असतो. फॉग (नको त्या उजेडाने आलेली झाक) नेहमी राखाडी डाग म्हणून दिसत नाही. आधी नुसता हायलाइट (चित्रातला सर्वांत उजळ भाग) मरतो, आणि माणूस उगीच ग्रेड वाढवत बसतो.

प्रश्न : याच लाल दिव्यात फिल्म धुता येईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

एचपी५, एफपी४ यांसारखी पॅनक्रोमॅटिक फिल्म असेल तर नाही. तिला लालही दिसतो, ती पूर्ण काळोखातच टँकमध्ये भरा. ऑर्थो, म्हणजे लाल न दिसणाऱ्या, फिल्मला गडद लाल चालतो. एक्स-रे फिल्म वापरणार असाल तर ती हिरव्याला संवेदनशील आहे का, ते पाकिटावर बघा. तशी असेल तर अंबर नको, लालच.

प्रश्न : कॉलेजच्या जुन्या लॅम्पच्या फिल्टरला बुरशी आलीय. धुऊ का? (एक वाचक, चिपळूण)

पाण्याला लावूच नका. दोन काचांमध्ये जिलेटिनचा पापुद्रा असतो, तो फुगतो नि फाटतो. काच फक्त बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा. पापुद्र्याला भोक किंवा चीर असेल तर फिल्टर बाद. नुसती बुरशीची नक्षी असेल तर वरची चाचणी करून ठरवा. रंग उडालेला फिल्टर डोळ्याला ओळखू येत नाही, म्हणून चाचणी दर पावसाळ्यानंतर करा. सुट्टीत फिल्टर सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे वीज सारखी जाते. सेफलाइटला पर्याय काय? (एक वाचक, मालवण)

सायकलचा मागचा लाल एलईडी दिवा. लुकलुकणारा मोड नको, स्थिर ठेवा, तोंड भिंतीकडे करा आणि वरच्यासारखीच पेपरवर तपासणी करा. मोबाइलला लाल कागद गुंडाळून भागवू नका. पेपर डेव्हलपरमध्ये असताना वीज गेली तर काळोखात आकडे मोजून पुरं करा, काही बिघडत नाही. एन्लार्जर चालू असताना गेली तर तो पेपर सोडून द्या. दोन्ही वेळी पहिलं काम एकच. पाकीट मिटा आणि ट्यूबलाइटचं बटण बंद आहे ना, हे हाताने चाचपून बघा. वीज परत येताना सांगून येत नाही.