पुण्यातल्याच बँडचा अल्बम विकत घेताना पेमेंट का अडकतं?

कोथरूडच्या एका बँडचा अल्बम बँडकॅम्पवर (कलाकार आपलं संगीत थेट श्रोत्यांना विकतात ते संकेतस्थळ) घ्यायला गेलात, पेमेंट सारखं फेल झालं, बँक म्हणते विक्रेत्याशी बोला, आणि वैतागून तुम्ही विचारताय की मग स्पॉटिफायवरच ऐकत राहू का. हा त्रास चांगलाच ओळखीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कार्डाचा नाद सोडा, कार्डात दोष नाही. बँडकॅम्पवरच्या विक्रीचे पैसे भारतीय कलाकाराला पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेमार्फत मिळतात, आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केलेत. म्हणजे बर्लिनमधला श्रोता कोथरूडचा अल्बम विकत घेऊ शकतो, कर्वेनगरातला नाही! बँकेत हे कुणी सांगत नाही. एका बँकेच्या मदत कक्षाने याच तक्रारीवर आधी केवायसी पुन्हा करायला लावली, मग कार्ड बदलायला लावलं. नव्या कार्डावरही तेच, कारण व्यवहार अडतो तो बँकेच्या आधीच. त्या चकरांत आठवडे जातात आणि कलाकाराला एक रुपयाही मिळत नाही. राग येतो तो याचा.

उपाय सोपा आहे. बँडला थेट मेसेज करा: यूपीआयने पैसे पाठवतो, डाउनलोड कोड द्याल का? बँडकॅम्पच्या खात्यातून कलाकाराला असे कोड काढता येतात, एक कोड एकदाच चालतो. आधी बँडकॅम्पवर लॉगिन करा आणि मगच कोड टाका, म्हणजे अल्बम तुमच्या संग्रहात जमा होतो. एमपीथ्री नको, फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) उतरवा. यूपीआय आयडी मात्र बँडच्या अधिकृत पानावरूनच घ्या आणि पैसे पाठवताना शेऱ्यात अल्बमचं नाव लिहा. त्यांना हिशेब ठेवायला बरं पडतं. (हे त्यांचं करपात्र उत्पन्नच आहे. मी सीए नाही, पुढचं त्यांनी आपल्या सीएला विचारावं.)

पैशांचं म्हणाल, तर ३०० रुपयांच्या डिजिटल अल्बमवर बँडकॅम्पचे १५ टक्के, म्हणजे ४५ रुपये जातात, शिवाय पेमेंटचा खर्च. यूपीआयने पूर्ण ३०० पोचतात. स्ट्रीमिंगमध्ये तुमची वर्गणी तुम्ही ऐकता त्याच कलाकाराकडे जात नाही. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमतात आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्यानुसार वाटले जातात. तुम्ही महिनाभर तो एकच बँड ऐकलात तरी बहुतेक पैसे दुसरीकडेच जाणार. त्यात स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय की मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच नाही. नव्या बँडची निम्मी गाणी इथेच मार खातात, असं माझं मत आहे. म्हणून स्ट्रीमिंग शोधायला वापरा. आवडलं की विकत घ्या. अर्थात हे सगळं स्वतंत्र कलाकारांपुरतं. चित्रपटगीतं आणि जुन्या शास्त्रीय ध्वनिमुद्रिकांचे हक्क बहुधा कंपनीकडे असतात, तिथे हे गणित वेगळं.

परदेशी कलाकाराकडून घेणार असाल, तर तिथे कार्ड चालतं, पण कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा. मार्च २०२० पासून नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात. बऱ्याच कार्डांवर २ ते ३.५ टक्के फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या व्यवहारावरचं बँकेचं जादा शुल्क) आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो, तेव्हा एकेक गाणं घेण्यापेक्षा अख्खा अल्बम घ्या. जमल्यास बँडकॅम्प फ्रायडेला घ्या. त्या दिवशी ते आपला वाटा सोडतात. दर महिन्याला नसतो, तारीख बघून ठेवा. आणि वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची असते: तिथली उन्हाळी वेळ चालू असताना आपल्याकडे शुक्रवारी दुपारी १२.३० ला, एरवी १.३० ला सुरू होऊन शनिवारी त्याच वेळेला संपतो. शुक्रवारी सकाळी घाईने घेतलंत तर वाटा कापला जाणारच.